छापलेली तारीख आणि खरी तारीख : आणीबाणीत ईएमटी-पॅरामेडिकच्या सर्टिफिकेटची मुदतवाढ कशी हाताळावी

अमेरिकेत ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांना ३१ मार्च ही तारीख विसरून चालत नाही. त्यांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी राष्ट्रीय संस्था म्हणजे नॅशनल रजिस्ट्री. तिची ईएमटी (ॲम्ब्युलन्सवर प्राथमिक उपचार करणारा), ॲडव्हान्स्ड ईएमटी आणि पॅरामेडिक (सगळ्यात वरची पातळी) ही तिन्ही सर्टिफिकेटं दोन वर्षांची असतात आणि ती याच तारखेला संपतात. २०२० साली ही तारीख तोंडावर आली तेव्हा कोविडमुळे परीक्षा केंद्रांना कुलपं लागली होती आणि मॅनिकिनवरचे (सरावाच्या पुतळ्यावरचे) वर्ग बंद पडले होते. ॲम्ब्युलन्सवर माणसं मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. रजिस्ट्रीने ३१ मार्चची मुदत ३० जूनपर्यंत पुढे नेली.

ही मुदतवाढ फक्त रजिस्ट्रीच्या सर्टिफिकेटला होती. राज्याचं लायसन्स, बीएलएसचं (प्राथमिक जीवनरक्षणाच्या प्रशिक्षणाचं) कार्ड, वाहन चालवण्याचा परवाना या प्रत्येकाचा मालक वेगळा, त्यामुळे प्रत्येकाची मुदतवाढही वेगळी. मुदतवाढ एका कागदाला मिळते, तो बाळगणाऱ्या माणसाच्या सगळ्या कागदांना मिळत नाही. आणीबाणीत अडकतात ते बहुतेक याच ठिकाणी. एक कागद वाढला म्हणून बाकीचेही वाढले असं धरून चालतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी रोस्टरवरून (ड्युटीच्या यादीवरून) नाव उडतं.

महासाथ असो, चक्रीवादळ असो की वणवा, मुदतवाढीची रीत साधारण सारखीच असते. मेडिकलला जाण्याआधी ईएमटीचं काम करणारी अमेरिकेतली मराठी मुलंमुली, पूर्णवेळ पॅरामेडिक आणि सेवेचं रोस्टर सांभाळणारी मंडळी यांना डोळ्यांपुढे ठेवून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. महाराष्ट्रातल्या ॲम्ब्युलन्स सेवेला त्यातलं काय लागू पडतं तेही शेवटी आहे.

पायरी १ : सगळी कार्डं टेबलावर मांडा

एक कोरा कागद घ्या आणि चार रकाने पाडा: कागद कोणता, दिला कोणी, छापलेली तारीख काय, मुदतवाढ कोणत्या आदेशाने. मग एकेक कार्ड काढून ओळ भरा.

पहिलं राज्याचं लायसन्स किंवा सर्टिफिकेट. रुग्णाला हात लावायचा अधिकार यातून येतो. इथे एक बारकावा आहे. कॅलिफोर्नियात पॅरामेडिकचं लायसन्स राज्याचं ईएमएस (आणीबाणी वैद्यकीय सेवा) प्राधिकरण देतं, पण ईएमटीचं सर्टिफिकेट स्थानिक ईएमएस एजन्सी देते. एकाच गाडीवर शेजारी बसलेल्या दोघांची कार्यालयं वेगळी असतात. जोडीदाराने आणलेली बातमी तुम्हाला लागू असेलच असं नाही.

दुसरं नॅशनल रजिस्ट्रीचं सर्टिफिकेट. बऱ्याच राज्यांत पहिलं लायसन्स घेताना ते लागतं. काही राज्यांत पुढेही चालू ठेवावं लागतं, तर काहींत नंतर त्याची सक्ती नसते. तुमच्या राज्यात सक्ती असेल, तर लायसन्सची मुदत वाढूनही रजिस्ट्रीचं सर्टिफिकेट संपलेलं चालेल का, हे वेगळं विचारून घ्यावं लागतं.

तिसरं बीएलएस, आणि वरच्या पातळीवर एसीएलएस व पीएएलएस (मोठ्यांच्या आणि मुलांच्या प्रगत जीवनरक्षणाची कार्डं). ही कार्डं बहुधा अमेरिकन हार्ट असोसिएशनची असतात आणि दोन वर्षं चालतात. चौथी मेडिकल डायरेक्टरची (सेवेच्या प्रमुख डॉक्टरची) किंवा स्थानिक एजन्सीची परवानगी. पाचवे गाडीचे कागद. कॅलिफोर्नियात साध्या ड्रायव्हिंग लायसन्सखेरीज ॲम्ब्युलन्स चालकाचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, ते मोटार वाहन विभाग देतो आणि त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते. आरोग्य खात्याच्या मुदतवाढीत हे कधी येणार नाही, कारण ते खातंच वेगळं.

चौथा रकाना रिकामा राहिला, तर त्या कागदाला मुदतवाढ नाही असंच समजा आणि छापलेल्या तारखेच्या हिशेबाने नूतनीकरणाला लागा.

पायरी २ : मूळ आदेश मिळवा

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर किंवा सुपरवायझरचं तोंडी "वाढलंय, काळजी नको" यावर विसंबू नका. व्यावसायिक लायसन्स देणं हा अमेरिकेत राज्यांचा अधिकार आहे. केंद्र सरकारने आणीबाणी जाहीर केली म्हणून कुणाचंही लायसन्स आपोआप वाढत नाही. साखळी साधारण अशी असते: गव्हर्नर आणीबाणी जाहीर करतात, एखाद्या आदेशाने नियम शिथिल करायचा अधिकार खात्याला देतात, आणि खातं प्रत्यक्ष मुदतवाढीचं पत्रक काढतं. तुम्हाला हवं ते हे तिसरं पत्रक. ते खात्याच्या संकेतस्थळावरून पीडीएफ रूपात उतरवून घ्या आणि त्यावर आदेशाचा क्रमांक व तारीख आहे ना ते बघा.

पत्रक वाचताना पाच गोष्टींखाली रेघ मारा.

कोणत्या पातळीला लागू? ईएमटीचा उल्लेख असेल आणि पॅरामेडिकचा नसेल, तर तो विसरून राहिलेला नसतो.

कोणत्या तारखांदरम्यान संपणाऱ्या कागदांना? या खिडकीच्या एक दिवस आधी संपलेलं कार्ड बाहेरच राहतं.

आपोआप की अर्ज करून? काही ठिकाणी यादीतल्या सगळ्यांची तारीख कार्यालयच पुढे सरकवतं, काही ठिकाणी पोर्टलवर विनंती टाकावी लागते. अर्जाची पद्धत असेल तर अर्जाची पोच हाच तुमचा पुरावा.

कुठपर्यंत? ठरलेली तारीख असेल तर उत्तम. "आणीबाणी संपल्यावर अमुक दिवस" असं असेल, तर कोणती आणीबाणी ते आधी ठरवा. केंद्र सरकारची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी ३१ जानेवारी २०२० ला जाहीर झाली आणि ११ मे २०२३ ला संपली. कॅलिफोर्नियाची राज्य आणीबाणी ४ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत होती. न्यूयॉर्कची ७ मार्च २०२० ला सुरू झाली आणि २४ जून २०२१ लाच उठली. आजार एकच, देशही एकच, तरी न्यूयॉर्क आणि केंद्र यांच्या शेवटात जवळजवळ दोन वर्षांचं अंतर. बातम्यांत "आणीबाणी अजून चालू आहे" असं ऐकून निवांत बसलेल्या माणसाचा कागद तेव्हा कधीच संपलेला असू शकतो.

आणि पाचवं, नेमकं काय माफ झालंय? फक्त तारीख पुढे गेली, की तासांची अटही कमी झाली, की प्रत्यक्ष कौशल्य-तपासणीही ऑनलाइन चालेल? बहुतेक आदेश तारखेपलीकडे जात नाहीत. शिक्षणाचे तास तेवढेच राहतात.

दिवस मोजताना बोटांवर महिने मोजू नका. १२० दिवस म्हणजे चार महिने नव्हेत. २०२० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने मार्चपासून संपणाऱ्या कार्डांना १२० दिवस जास्त द्यावेत अशी शिफारस केली. ३१ मार्चला संपणाऱ्या कार्डाचे १२० दिवस भरतात २९ जुलैला. "जुलैअखेर" असं लिहून ठेवणारा दोन दिवसांनी चुकला.

शिवाय असोसिएशनने दिली ती शिफारस होती. वाढीव कार्ड ग्राह्य धरायचं की नाही हे नोकरी देणारी संस्था किंवा राज्याचं खातं ठरवतं, आणि नव्या तारखेचं कार्ड कुणालाही छापून मिळालं नाही. म्हणून या कार्डांच्या बाबतीत असोसिएशनचं पत्रक आणि तुमच्या संस्थेचा होकार असे दोन कागद हवेत. होकार ईमेलवर मागा.

पायरी ३ : तीन तारखा लिहा

प्रत्येक कागदासमोर तीन तारखा हव्यात: छापलेली, वाढवलेली, आणि पुढच्या फेरीची (म्हणजे पुढच्या दोन वर्षांच्या मुदतीची). तिसरी बहुतेक जण लिहीत नाहीत आणि दोन वर्षांनी तीच अंगाशी येते.

मार्चचं सर्टिफिकेट जूनपर्यंत वाढलं म्हणजे पुढची दोन वर्षं जूनपासून मोजली जातात का? आदेशात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाही, असंच धरा. म्हणजे पुढच्या फेरीला २४ ऐवजी २१ महिने मिळतात आणि तास तेवढेच भरायचे असतात. एप्रिल ते जूनमध्ये केलेले कोर्स तुम्ही जुन्या फेरीत लावले असतील, तर तेच पुन्हा नव्या फेरीत लावता येत नाहीत. त्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर "जुनी फेरी" किंवा "नवी फेरी" असं पेन्सिलने लिहून ठेवा. पोर्टलमध्ये भरताना एकाच कोर्सची दोनदा नोंद होते ती या तीन महिन्यांतच.

पायरी ४ : गाडीत आणि फोनमध्ये पुरावा ठेवा

कार्डावर जुनीच तारीख राहते. पोर्टलवर कधी नवी तारीख दिसते, कधी लाल अक्षरांत "एक्सपायर्ड". रुग्णालयाच्या दारात, विम्याच्या चौकशीत किंवा दुसऱ्या राज्यात मदतीला गेल्यावर समोरचा माणूस कार्डच बघणार.

एका प्लास्टिकच्या पाकिटात हे घाला: कार्डाची प्रत, मुदतवाढीचं पत्रक (तुम्हाला लागू पडणारा परिच्छेद पिवळा करून), राज्याच्या पडताळणी पानाचा प्रिंट ज्यावर प्रिंट काढल्याची तारीख दिसते, आणि संस्थेचा ईमेल. तोच संच फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. पत्रक बदललं की जुनं फेकू नका, त्यावर "अमुक तारखेपर्यंत" लिहून मागे सारा. उद्या एखाद्या कॉलची चौकशी झाली, तर त्या दिवशी कोणता आदेश लागू होता हे दाखवावं लागेल. आजचा आदेश तिथे कामाला येणार नाही.

मराठी नावांची एक अडचण इथे सांगायला हवी. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. पासपोर्टवर ते एका तऱ्हेने, ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसऱ्या तऱ्हेने आणि रजिस्ट्रीत फक्त आद्याक्षर, असं सर्रास असतं. मुदतवाढीच्या यादीशी नाव जुळलं नाही की कागद हाताने तपासायला जातो आणि तिथे आठवडे जातात. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्राशी नाव जुळलं नाही, तर परीक्षाच हुकू शकते. सगळीकडे एकच रूप करून घ्या, आणि तेही आणीबाणी यायच्या आधी.

पायरी ५ : तास भरा, आजपासून

रजिस्ट्रीच्या नूतनीकरणाला ईएमटीला ४० तास लागतात, ॲडव्हान्स्ड ईएमटीला ५० आणि पॅरामेडिकला ६०. त्यातले निम्मे राष्ट्रीय भागाचे, पाव स्थानिक, पाव वैयक्तिक. म्हणजे ईएमटीला २०, १० आणि १०, तर पॅरामेडिकला ३०, १५ आणि १५. राष्ट्रीय भाग पुन्हा विषयांत वाटलेला असतो: श्वसनमार्ग, हृदय, ट्रॉमा (इजा), वैद्यकीय आजार, ऑपरेशन्स (गाडी व घटनास्थळावरचं कामकाज). ट्रॉमाचे चार तास जास्त झाले म्हणून हृदयाचे चार भरून निघत नाहीत. जादा तास स्थानिक किंवा वैयक्तिक भागात ढकलता येतात, एवढंच. म्हणून आधी बेरीज करू नका, विषयवार वजाबाकी करा.

राज्यांचा हिशेब वेगळा असू शकतो. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ईएमटीला २४ तास आणि पॅरामेडिकला ४८ तास लागतात, आणि ईएमटीला कौशल्य-तपासणीचा फॉर्मही भरून घ्यावा लागतो. दोन्ही चालू ठेवायचे असतील तर एकच कोर्स दोन्हीकडे लावता येतो, पण प्रमाणपत्रावर दोघांना हवी ती मान्यता हवी.

तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि १६ तास कमी आहेत असं समजा. तेरा आठवड्यांत आठवड्याला सव्वा तास बसतो. एका शिफ्टनंतरच्या संध्याकाळी हे सहज होतं. शेवटच्या आठवड्यावर टाकलं तर रोज दोन तासांहून जास्त, तेही सर्व्हर गुदमरलेला असताना.

ऑनलाइन कोर्स निवडताना प्रमाणपत्रावरचा सांकेतिक प्रकार बघा. कॅप्सीच्या (ईएमएसच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) मान्यतेत एफ-३ म्हणजे आपापल्या वेळेत बघायचा कोर्स, आणि एफ-५ म्हणजे शिक्षक समोर थेट बोलतो, प्रश्न विचारता येतात असा ऑनलाइन वर्ग. एफ-५ प्रत्यक्ष वर्गासारखा धरला जातो. २०२० साली रजिस्ट्रीने आपापल्या वेळेच्या कोर्सवरची मर्यादा त्या फेरीपुरती उठवली होती. अशी सवलत त्या फेरीपुरतीच असते. गेल्या वेळी सगळे तास घरबसल्या चालले म्हणून याही वेळी चालतील असं धरून कोर्स विकत घेऊ नका, आधी चालू नियम बघा. एफ-५ चे तास घेतले तर हा प्रश्नच येत नाही.

पायरी ६ : हाताची सवय मोडू देऊ नका

कार्डाची मुदत वाढली म्हणून हातातलं कौशल्य टिकत नाही. सीपीआरचं कौशल्य वर्गानंतर काही महिन्यांतच उतरू लागतं, आणि मुदतवाढ मिळालेल्या माणसाचा शेवटचा वर्ग दोन वर्षांहून जुना असतो. पहिल्यांदा बिघडते ती छातीवरच्या दाबांची खोली, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं. महिन्यातून एकदा शिफ्टच्या सुरुवातीला मॅनिकिनवर दोन मिनिटं करा: मिनिटाला १०० ते १२०, किमान ५ सेंटिमीटर खोल, ६ च्या पुढे नाही. जोडीदाराने घड्याळ धरावं आणि तळवा छातीवरून पूर्ण सैल होतो का ते खाली वाकून बघावं. मग जागा बदला. दोघांची मिळून पाच मिनिटं होतात.

यापेक्षा गंभीर गोष्ट अशी, की मुदतवाढीच्या काळात नियमच बदलू शकतात. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्याआधी नाडी लागतेय पण श्वास चालत नाही अशा मुलाला ३ ते ५ सेकंदांनी एक श्वास द्यायला शिकवत. नव्या सूचनांत तो २ ते ३ सेकंदांनी एक झाला, म्हणजे मिनिटाला २० ते ३०. श्वास द्यायची बॅग हातात घेऊन मोजून बघा. "एक हजार एक, एक हजार दोन, दाब" आणि "एक हजार एक ते एक हजार चार, दाब" यांतला फरक एका मिनिटात किती श्वासांचा होतो ते तेव्हा कळतं. त्या सुमारास वाढीव मुदतीवर काम करणाऱ्याला जुनीच लय पाठ होती, आणि तेव्हा वर्ग नव्हता म्हणून सांगायलाही कुणी नव्हतं. मुदतवाढ घेतली असेल तर नव्या सूचनांचा सारांश स्वतः मिळवा आणि मेडिकल डायरेक्टरकडून स्थानिक प्रोटोकॉलमध्ये काय बदललं ते विचारा.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या हार्टकोडसारख्या, निम्म्या ऑनलाइन, कोर्समध्ये ऑनलाइन भाग संपल्यावर एक प्रमाणपत्र मिळतं. ते कार्ड नव्हे. हातांची तपासणी झाल्यावरच कार्ड येतं. ऑनलाइन भाग लवकर उरका आणि तपासणीची वेळ त्याच दिवशी ठरवा.

ज्यांचं आधीच संपलंय, आणि ज्यांना अजून मिळालंच नाही

खिडकीच्या बाहेर संपलेल्या कार्डाला मुदतवाढ लागू होत नाही, तिथे पुनःस्थापनेचे नेहमीचे नियम लागतात. उशीर महाग पडतो. कॅलिफोर्नियात ईएमटी सर्टिफिकेट संपून सहा महिन्यांच्या आत असाल तर नेहमीचे २४ तास पुरतात. सहा ते बारा महिन्यांत ३६ लागतात. वर्ष उलटलं की ४८ तास आणि वर रजिस्ट्रीची परीक्षा. दरम्यान ड्युटीवर जाऊ नका. माणसं कमी आहेत म्हणून सुपरवायझरने गळ घातली तरी लायसन्स तुमचं आहे.

नव्याने शिकून बाहेर पडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. २०२० साली प्रात्यक्षिक परीक्षा बंद पडल्या तेव्हा संगणकावरची परीक्षा पास झालेल्यांना रजिस्ट्रीने तात्पुरतं सर्टिफिकेट दिलं, आणि मे महिन्यात ईएमटी व ॲडव्हान्स्ड ईएमटीची परीक्षा घरून देण्याची सोय केली. पॅरामेडिकला केंद्रावरच जावं लागत होतं. तात्पुरत्या सर्टिफिकेटवर लायसन्स द्यायचं की नाही हे प्रत्येक राज्याने आपापलं ठरवलं. अशी वेळ पुन्हा आली तर फी भरण्याआधी राज्याच्या कार्यालयाला एकच प्रश्न लेखी विचारा: तात्पुरत्या सर्टिफिकेटवर मला रुग्णसेवा करता येईल का, आणि कोणाच्या देखरेखीखाली?

राज्याची हद्द ओलांडताना

शेजारच्या राज्यात मदतीला जायचं असेल तर दोन वाटा आहेत. सरकारने सरकारला मदत मागितली असेल, तर पन्नासही राज्ये सामील असलेल्या आणीबाणी साहाय्य कराराखाली तुमचं लायसन्स त्या कामापुरतं तिथे मानलं जातं. दुसरी वाट ईएमएस कॉम्पॅक्ट, म्हणजे सामील राज्यांनी एकमेकांची ईएमएस लायसन्सं मानण्याचा करार. तो मार्च २०२० मध्ये प्रत्यक्ष चालू झाला, पण त्यात सगळी राज्ये नव्हती. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क तेव्हा बाहेर होती. दोन्ही वाटांना घरच्या राज्याचं लायसन्स चालू लागतं. ते मुदतवाढीवर चालू असेल, तर पायरी ४ मधलं पाकीट इथे कामी येतं. स्वतःहून गाडी काढून निघालात तर यातली एकही वाट तुमच्या पाठीशी नसते.

रोस्टर सांभाळणाऱ्यांसाठी

तुमच्याकडे ३६ जण आहेत, सगळ्यांचं बीएलएस वाढीव मुदतीवर आहे, आणि एका वर्गात सहा जण बसतात असं धरा. सहा वर्ग लागतील. प्रशिक्षक महिन्यात दोनच वर्ग घेऊ शकत असेल तर तीन महिने. जूनअखेरची मुदत असेल तर पहिला वर्ग एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच व्हायला हवा. आणि ज्यांची छापलेली तारीख सगळ्यात जुनी त्यांना आधी पाठवा, ज्यांना सोयीचं त्यांना नव्हे. मुदतवाढ मिळताच वर्ग पुढे ढकलणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण शेजारच्या सगळ्या संस्थाही तोच प्रशिक्षक त्याच शेवटच्या आठवड्यात मागणार असतात.

महाराष्ट्रात यातलं काय लागू पडतं

आपल्याकडची १०८ सेवा २०१४ पासून डॉक्टर सोबत घेऊन धावते. इथे कागद तीन वाटांनी येतात. डॉक्टरची नोंदणी परिषदेकडे असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी नूतन करावी लागते, आयुर्वेदाच्या डॉक्टरांची परिषद वेगळी. बीएलएस-एसीएलएस कार्डांना वर सांगितलेलंच लागू पडतं.

तिसरी वाट चालकाची आणि गाडीची, आणि ती अनेकदा दुर्लक्षित राहते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ३० मार्च २०२० ला ड्रायव्हिंग लायसन्स, नोंदणी, परमिट आणि फिटनेस यांची मुदत ३० जूनपर्यंत वाढवली. पुढे टप्प्याटप्प्याने ती ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली. पण ही सवलत १ फेब्रुवारी २०२० पासून संपणाऱ्या कागदांना होती, जानेवारीत संपलेलं लायसन्स तिच्यात नव्हतं. गाडीच्या विम्याची सवलत स्वतंत्र होती: टाळेबंदीत २५ मार्च ते ३ मे दरम्यान नूतनीकरणाला आलेल्या थर्ड पार्टी विम्याला १५ मेपर्यंत. लायसन्स दीड वर्षाहून जास्त वाढलं म्हणून विमाही तसाच चालेल असं धरलेली गाडी विम्याशिवाय रस्त्यावर राहिली असती. गाडीचा विमा, चालकाचं लायसन्स आणि फिटनेस यांच्या तारखा वेगवेगळ्या ओळींत लिहून त्यांचं पत्रक गाडीच्या कागदांच्या पाकिटात ठेवा.

मुदतवाढ संपल्यावर

वाढीव तारखेच्या दोन आठवडे आधी नूतनीकरण पूर्ण झालेलं असावं, कारण अर्ज भरणं आणि मंजूर होणं यांत दिवस जातात. मंजुरी आली की पोर्टलवर नवी तारीख स्वतः बघा, संस्थेच्या नोंदीत ती चढली का ते रोस्टरवाल्यांना विचारा आणि पाकिटातलं कार्ड बदला. कोर्सची प्रमाणपत्रं, पत्रकं आणि ईमेल मात्र पुढची फेरी पूर्ण होईपर्यंत जपून ठेवा. ऑडिटमध्ये रजिस्ट्री किंवा राज्य तुमचे तास उघडून बघू शकतं, आणि तेव्हा एप्रिल ते जूनमधल्या त्या कोर्सवर पेन्सिलने काय लिहिलंय ते उपयोगी पडेल.